सव्वीस एएस

कलशेट्टींनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
"हे बघा की येमूल, तुमचं अख्खं वर्ष."
नवी पेठेत, पहिल्या मजल्यावर,
खालच्या दुकानातून शेंगाचटणीचा लसूण जिना चढून आलेला.
एप्रिल ते ऑक्टोबर. सात ओळी.
पगार अठ्ठावन्न हजार, कर अठराशे ऐंशी,
पगार अठ्ठावन्न हजार, कर अठराशे ऐंशी,
टॉवेलच्या काठासारख्या सरळ.

म्हटलं, ऑगस्टपासून पगारच झाला नाही.
"झाला नाही, पण कापला."
म्हणजे?
"म्हणजे तुमच्या हातात आला नाही
आणि सरकारच्या हातात तुमचा कर गेला.
वर वर्षभराचा अंदाज धरून कापलाय.
अंदाजात तुम्ही मार्चपर्यंत कामाला होता."

अंदाजात.
अंदाजात भट्टी पेटलेली होती,
जर्मनीचा लॉट पॅक होत होता,
आणि मी नमुन्याचा गोल तुकडा कापून
काट्यावर ठेवत होतो.
बावीस वर्षं हेच केलं:
पाचशे चाळीसच्या जागी पाचशे बारा भरलं
की सगळा माल परत.
कुणाचं ऐकलं नाही. मालकाचंही नाही.

फॉर्म सोळा मागायचा कुणाला?
अक्कलकोट रोडच्या गेटला बँकेची नोटीस,
नोटिशीखाली इरण्णा वॉचमन.
त्याचा पगार आता पुण्याचा लिक्विडेटर देतो,
म्हणून तो मला सर म्हणायचं विसरलाय.
"आत कागद न्हाई काय. उंदरं हायत."

तीन महिन्यांच्या पगाराचा माझा दावा
त्या लिक्विडेटरकडे आहे. इंग्रजीत उत्तर आलं.
मुलीनं वाचून दाखवलं:
मान्य आहे, पण पुढे बँका उभ्या आहेत.
रांगेत उभं राहणं मला जमतं.
पुढचा माणूसच हलत नाही, तिथं काय करायचं.

"सोळा नको," कलशेट्टी म्हणाले, "या सात ओळी पुरे.
नशीब समजा. कापून घेतात आणि भरत नाहीत,
असे चार जण सकाळपासून येऊन गेले.
तुमच्याकडं कोण होतं अकाउंट्सला?"

वासंती गुर्रम.
कडक इस्त्रीची साडी, डब्यात कडक भाकरी,
हिशोब तेलुगूत पुटपुटायची, लिहायची मराठीत.
सात नोव्हेंबरला लाईट तोडलेली होती.
सुताचा व्यापारी केबिनमध्ये बसून होता,
मालक म्हणाले, खात्यात आहे तेवढं याला देऊन टाका.
ती म्हणाली, हे आपले नाहीत, लोकांचे आहेत.
आणि मोबाईलच्या उजेडात, मोबाईलच्याच नेटवर
तिनं चलन भरलं.
तिचाही पगार तीन महिने थकलेला.
त्या वेळी मला राग आला होता. खोटं कशाला बोलू.
वाटलं, सरकारला कसली एवढी घाई?

ऑगस्टच्या शेवटी मेसेज आला.
भाच्याच्या दुकानात धोट्यांचे खोके लावत होतो.
तेरा हजार चारशे नव्वद.
खोक्यावरच बसलो.
त्या तीन महिन्यांच्या घामातलं
घरी एवढंच पोचलं,
जेवढं माझ्याकडून काढून घेतलं होतं.
उरलेलं माझं होतं,
म्हणून बुडालं.

संध्याकाळी विडी घरकुलला गेलो, पावशेर खव्याचे पेढे घेऊन.
तिची आई दारात पानं कातरत बसलेली.
वासंतीनं पेढा घेतला, खाल्ला नाही.
"व्याज धरून किती?"
सांगितलं.
तिनं विडीच्या पुडक्याचा कागद उलटा केला,
कानामागची पेन्सिल काढली,
तेरा हजार एकशे साठ,
शंभराच्या आतले सोडले, पाच महिने, अर्धा टक्का,
ओठ हलत होते,
ओकटी, रेंडू, मूडू…

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं,
लॉट परत पाठवताना मी बघायचो तसं.

"येमूल सर, अडीच रुपये जास्त आलेत."